तालिमेरेन आओ: फुटबॉल सोडून वैद्यकीकडे वळण्याचे कारण काय?

मध्यफळी

1948च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताच्या फुटबॉल संघाचे कर्णधार असलेले तालिमेरेन आओ यांच्याविषयी मराठीत जे थोडेफार वाचायला मिळते, ते अनवाणी पायांपासून सुरू होते आणि तिथेच संपते. लंडनच्या आर्सेनल या फुटबॉल क्लबने त्यांना करार देऊ केला होता, परंतु तो न स्वीकारता ते वैद्यकीय शिक्षण पूर्ण करण्यासाठी मायदेशी परतले, असेही सांगितले जाते. ऐन उमेदीच्या वर्षांत त्यांनी खेळाकडे पाठ फिरवली, त्यामागे कोणती कारणे असावीत? शिवाय, बुटांविना खेळणे ही त्या संघाची अगतिकता होती की सवय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

डोंगरवाट

पाठ फिरवली हे शब्द मला पटत नाहीत, कारण घटनांचा क्रम नेमका उलटा आहे. डॉक्टर होण्याचा निश्चय आधीचा आणि कोलकात्याचा मोहन बागान हा फुटबॉल क्लब, ऑलिंपिक हे सर्व नंतरचे.

आओ यांचा जन्म 28 जानेवारी 1918 रोजी नागा टेकड्यांमधील चांगकी या गावी झाला. हा प्रदेश त्या वेळी आसाम प्रांतात मोडत असे. वडील सुबोंगवाती हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते आणि 1935 मध्ये विषमज्वराने त्यांचे निधन झाले. आपल्या मुलाने डॉक्टर होऊन आपल्या लोकांची सेवा करावी, ही त्यांची अखेरची इच्छा होती. ज्या आजाराने वडील गेले, त्याच्यावर त्या काळी प्रतिजैविके उपलब्ध नव्हती आणि त्या डोंगराळ भागात शिकलेला डॉक्टर मिळणेही दुर्मीळ होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या इच्छेचे वजन कळते. जोरहाटला शालेय शिक्षण घेऊन ते गुवाहाटीच्या कॉटन महाविद्यालयात आले, तिथल्या महाराणा क्लबकडून खेळू लागले आणि 1942 मध्ये कोलकात्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आजच्या आर. जी. कर महाविद्यालयात, दाखल झाले. मोहन बागानची जर्सी त्यांनी घातली ती त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे कोलकात्याला त्यांना वैद्यकीने नेले, फुटबॉल तिथे भेटले.

लंडनला गेले तेव्हाही ते वैद्यकीचे विद्यार्थीच होते आणि पदवी त्यांना 1950 मध्ये मिळाली. परदेशी क्लबच्या कराराने त्यांचे मन का वळले नाही, हे यावरून पुरेसे स्पष्ट होते असे मला वाटते.

जुनेसामने

बुटांच्या प्रश्नाविषयी लिहितो. आपल्याकडे अनवाणी खेळण्याची परंपरा जुनी होती आणि तिला अभिमानाचे एक अधिष्ठानही होते. 29 जुलै 1911 रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश लष्करी संघाला 2-1 असे हरवून आयएफए शील्ड ही फुटबॉल स्पर्धा जिंकली, तेव्हा त्यांच्या अकरापैकी दहा खेळाडूंच्या पायांत बूट नव्हते. चेंडूचा स्पर्श थेट पायाला जाणवणे, चटकन दिशा बदलणे आणि आखूड पास देणे या गोष्टींवर ही शैली उभी होती. बूट घालता येत नाहीत म्हणून नव्हे, तर त्यांच्याविना चेंडूवर अधिक ताबा राहतो म्हणून अनेक जण अनवाणी खेळणे पसंत करत. बुटांविषयी विचारणाऱ्यांना, आम्ही फुटबॉल खेळतो आणि तुम्ही बूटबॉल, असे उत्तर आओ यांनी दिल्याची आठवण आजही सांगितली जाते.

योगायोगाने 29 जुलै हीच तारीख 1948 मध्ये ऑलिंपिकच्या उद्घाटनाची होती. स्वतंत्र भारताच्या त्या पहिल्या ऑलिंपिक पथकाचा ध्वज आओ यांच्या हाती होता. दोन दिवसांनी पूर्व लंडनजवळच्या इलफर्ड येथे फ्रान्सशी सामना झाला. फ्रान्सने पूर्वार्धात आघाडी घेतली, सत्तराव्या मिनिटाला सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली, आणि सामना संपण्यास जेमतेम मिनिट उरले असताना फ्रान्सने दुसरा गोल केला. भारताला मिळालेल्या दोन पेनल्टी वाया गेल्या होत्या, म्हणून हा पराभव अनवाणी पायांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. बुटांचा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला तो 1952 मध्ये, हेलसिंकी ऑलिंपिकच्या गारठ्यात युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 असे हरवल्यानंतर.

याच लंडनमध्ये 12 ऑगस्टला आपल्या हॉकी संघाने ग्रेट ब्रिटनला 4-0 असे नमवून सुवर्णपदक पटकावले. त्या झळाळीत फुटबॉल संघाची पहिल्याच सामन्यातील झुंज लोकांच्या स्मरणातून गेली असावी.

मध्यफळी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. घटनाक्रम उलटा आहे हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. पदवी मिळाल्यानंतर ते किती काळ खेळले आणि पुढे वडिलांची इच्छा त्यांनी नेमकी कशी पूर्ण केली, हेही कळले तर बरे होईल.

डोंगरवाट

पदवी मिळाल्यावरही ते काही काळ मोहन बागानकडे होते. त्यानंतर ते आसाम आणि नागा टेकड्यांकडे परतले. 1953 मध्ये ते कोहिमाच्या सरकारी रुग्णालयात रुजू झाले. नागा टेकड्यांमध्ये सशस्त्र संघर्ष पेटण्याचा तो काळ होता. रस्ते कमी, औषधे अपुरी आणि गावे डोंगरमाथ्यांवर विखुरलेली. अशा ठिकाणी आयुष्याची उमेदीची वर्षे घालवणे हे एखाद्या स्पर्धेपेक्षा कितीतरी अधिक दमाचे काम होते. 1963 मध्ये नागालँड राज्य अस्तित्वात आले, आणि पुढे ते राज्याच्या आरोग्य सेवेचे संचालक झाले. 1978 मध्ये ते त्या पदावरून निवृत्त झाले आणि 13 सप्टेंबर 1998 रोजी त्यांचे निधन झाले. आसाममधील कलियाबोर येथील मैदानाला आज त्यांचे नाव आहे.