ग्रीकभाषक साम्राज्य पुन्हा उभे राहिले असते का? पर्यायी इतिहासासाठी कोणते वर्ष धरावे?

मूळ प्रश्न

पर्यायी इतिहासावर आधारित एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे. बायझंटाइन साम्राज्य, म्हणजे कॉन्स्टंटिनोपल (आजचे इस्तंबूल) राजधानी असलेले, स्वतःला रोमन म्हणवणारे पण ग्रीक बोलणारे राज्य, पुन्हा सावरते आणि आशिया मायनर (आजच्या तुर्कस्तानचा आशियाई भाग) कायमचे राखते, अशी तिची कल्पना आहे. सध्या मी १९१९ हे वर्ष धरले आहे. त्या वर्षी १५ मे रोजी ग्रीक फौजा स्मिर्ना (आजचे इझमीर) बंदरात उतरल्या आणि पहिल्या महायुद्धात हरलेल्या उस्मानी तुर्कस्तानवर पुढच्या वर्षी लादलेल्या सेव्हर कराराने त्या प्रदेशाचा कारभार ग्रीसकडे सोपवला. नोव्हेंबर १९२० च्या निवडणुकीत ग्रीसचे पंतप्रधान व्हेनिझेलोस हरले नसते, तर हे सारे टिकले असते असे मानणे जाणकारांना पटेल का? की आणखी मागे जावे?

प्रतिसाद १

१९१९ मला पटत नाही. व्हेनिझेलोस सत्तेवर राहिले असते, तरी किनाऱ्यापासून अंकाऱ्याच्या दिशेने शेकडो किलोमीटर आत रसद पोहोचवण्याचा प्रश्न तसाच राहिला असता, आणि १९२१ साली सकार्या नदीवर ग्रीक सैन्य अडले त्यामागे हेही एक मोठे कारण होते. फ्रान्सने तर त्याच वर्षी अंकाऱ्यातील तुर्की राष्ट्रवाद्यांच्या सरकारशी स्वतंत्र करार केला. ब्रिटनवर हिंदुस्थानातूनही दबाव होता. मुंबईत मुख्यालय असलेल्या खिलाफत समितीच्या चळवळीची धग एवढी होती की, सेव्हर करार बदलावा अशी व्हाइसरॉयची मागणी जाहीर केल्यावरून मार्च १९२२ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू यांना राजीनामा द्यावा लागला.

शिवाय तुमच्या कल्पनेतले साम्राज्य भाषेवर उभे आहे, तर ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातील १९२३ च्या लोकसंख्या अदलाबदलीत निकष होता धर्माचा. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसच्या वाट्याला आले आणि त्यांत घरात तुर्कीच बोलणारे, आशिया मायनरच्या अंतर्भागातील कॅपाडोशियाचे लोकही होते. उलट ग्रीक बोलणाऱ्या क्रीटच्या मुसलमानांना तुर्कस्तानात जावे लागले.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. माझ्या मते वर्ष १२६१ धरावे, पण प्रचलित समजुतीच्या नेमके उलट. त्या वर्षीच्या २५ जुलैला राजधानी कॉन्स्टंटिनोपल पश्चिम युरोपीय 'लॅटिन' राज्यकर्त्यांकडून परत मिळाली, तो पुनरुत्थानाचा दिवस म्हणून सांगितला जातो. मला मात्र तिथूनच ऱ्हास सुरू झाला असे वाटते.

१२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धातील सैन्याने कॉन्स्टंटिनोपल लुटून तिथे लॅटिन राज्य स्थापल्यावर आशिया मायनरमधील निकियात जे ग्रीक राज्य उभे राहिले, ते आकाराने लहान पण प्रकृतीने धडधाकट होते. तिसरा जॉन वातात्झेस हा सम्राट स्मिर्नाजवळच्या निम्फायॉन येथे राहून सरकारी शेतीवाडी जातीने पाहत असे. त्याच्या कोंबड्यांची अंडी विकून आलेल्या पैशातून त्याने राणीसाठी मुकुट घडवला आणि लोक त्याला 'अंड्यांचा मुकुट' म्हणत, अशी नोंद बायझंटाइन इतिहासकारानेच केली आहे. परदेशी कापड वापरण्यावरही त्याने बंदी घातली होती. डोंगराळ सरहद्दीवरच्या रखवालदारांना करमाफी आणि जमिनी होत्या, त्यामुळे सरहद्द राखण्यात त्यांचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला होता.

निकियाची गादी बळकावणाऱ्या आठव्या मिखाएलने राजधानी घेतली आणि हा सारा तोल गेला. पडझड झालेले अवाढव्य शहर, त्याची तटबंदी, आरमार आणि पश्चिमेकडच्या शत्रूंशी चाललेले राजकारण यांचा खर्च आशिया मायनरच्या खेड्यांवर पडला. सरहद्दीवरच्या लोकांच्या जमिनींची नव्याने मोजदाद करून प्रत्येकाला ४० सुवर्णनाण्यांचे उत्पन्न ठेवले आणि उरलेले खजिन्यात ओढले. त्यातच त्याने निकियाच्या आधीच्या लास्कारिस राजघराण्याच्या खऱ्या वारसाचे, अवघ्या अकरा वर्षांच्या चौथ्या जॉनचे, डोळे काढवले. त्यानंतर निकिया परिसरातील शेतकऱ्यांनी बंड केले, ते पाशवी बळाने मोडले गेले. ज्यांच्या जिवावर राज्य उभे होते तेच दुरावले. पुढे बुर्सा १३२६ मध्ये आणि निकिया १३३१ मध्ये उस्मानी तुर्कांकडे गेले, ते याच दुर्लक्षित मुलखातून.

प्रतिसाद ३

रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिने १७८२ मध्ये ऑस्ट्रियाचा सम्राट जोसेफ याच्यापुढे मांडलेली 'ग्रीक योजना', म्हणजे उस्मानी तुर्कांकडून कॉन्स्टंटिनोपल घेऊन तिथे ग्रीक साम्राज्य पुन्हा उभे करण्याची कल्पना, हीही विचारात घ्यावी. नातवाचे नाव कॉन्स्टंटाइन ठेवून त्याला ग्रीक दाया नेमण्यापर्यंत तिची तयारी होती. मात्र ते राज्य रशियाचे मांडलिकच ठरले असते.

प्रतिसाद २ मधील मांडणीबाबत एक शंका आहे. १२४३ मध्ये मंगोलांनी आशिया मायनरच्या सेल्जुक तुर्क सुलतानांना हरवल्यावर तुर्कमेन टोळ्या पश्चिमेकडे सरकतच होत्या. राजधानी निम्फायॉनला राहून हा लोंढा थोपला असता का?

प्रतिसाद २ देणाऱ्याचे उत्तर

पूर्ण थोपला नसता, हे मान्य. पण शहर लॅटिनांकडेच राहिले असते, तर त्यांचा पदच्युत सम्राट बाल्डविन याला १२६७ मध्ये सिसिलीचा राजा आंजूचा चार्ल्स याच्याशी करार करून गादी परत मिळवण्याचा घाट घालावा लागला नसता. त्या स्वारीच्या धास्तीने मिखाएलने पंधरा-सोळा वर्षे पैसा, माणसे आणि लक्ष पश्चिमेकडे लावले आणि आपले ऑर्थोडॉक्स चर्च रोमच्या पोपच्या चर्चशी जोडणे पत्करून स्वतःच्याच प्रजेचा रोष ओढवला. तेवढा काळ निकियाला मोकळा मिळाला असता.

कथेसाठी बदल अगदी लहान पुरेल. जुलै १२६१ मध्ये मिखाएलचा सेनापती स्ट्राटेगोपूलोस थोडे सैन्य घेऊन शहराजवळून जात होता आणि शहराचे रक्षण करणारे व्हेनिसचे आरमार काळ्या समुद्रातील डॅफ्नूसिया बेटावर चालून गेले असल्याची खबर त्याला तिथल्या लोकांनी दिली, म्हणूनच तो आत शिरला. तुमच्या कथेत ते आरमार दोन दिवस आधी परतू द्या.