आई सोबत असली तरी

सिनेमा-मालिकांत काम करणाऱ्या मुलांबद्दल "आई सेटवर असतेच की, मग धोका कसला?" असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. वाईत शूटिंग होतं तेव्हा माझी ९ वर्षांची भाची दोन दिवस कामाला होती. "ताई, फ्रेममध्ये येताय" म्हणत बहिणीला लांब झाडाखाली बसवलं. मुलं कपडे बदलत त्या खोलीत कोण येतं-जातं, तिला तिथून दिसतच नव्हतं. विचारावं तर पोरीचं काम जाईल ही धास्ती. ही धास्तीच गैरफायदा घेणाऱ्याच्या पथ्यावर पडते.

बालमजुरी कायद्याचे २०१७ चे सुधारित नियम स्पष्ट आहेत. निर्मात्याने त्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, म्हणजे वाईसाठी साताऱ्याहून. दिवसाला ५ तासच काम, सलग ३ तासांच्या वर नाही. ५ मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस. कमाईतले निदान २० टक्के मुलाच्या नावे बँकेत. आणि पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, अत्याचार कळूनही पोलिसांना न कळवणं हा गुन्हाच आहे, मग न कळवणारा मेकअपवाला असो वा निर्माता.

मुलाला पाठवण्याआधी परवानगीची प्रत मागा, त्या जबाबदार माणसाचं नाव विचारून घ्या. शंका आली तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावा. बहिणीला हे तेव्हा कुणीच सांगितलं नव्हतं.