मदत हवी आहे : सेकंड शिफ्टमध्ये मगरिबची (सूर्यास्तानंतरची) नमाज कशी सांभाळता?

सलाम आणि नमस्कार. मी सातपूर एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे. सेकंड शिफ्टला जेवणाची सुट्टी साडेसातला मिळते. उन्हाळ्यात कसंबसं जमतं, पण डिसेंबरात नाशिकला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि साडेसातपर्यंत मगरिबची वेळ निघून जाते. रोज कजा पढायची, म्हणजे वेळ गेल्यावर भरून काढायची, हे मनाला फार लागतं.

शेजारच्या मशीनवरचे कोकणी चाचा शाफई (सुन्नींमधली एक विचारधारा) आहेत. त्यांच्यात प्रवासात मगरिब आणि इशा (रात्रीची नमाज) एकत्र पढता येतात. आम्ही हनफी (दुसरी विचारधारा), हजमध्ये अराफात-मुजदलिफा ही ठिकाणं सोडली तर आम्हाला ती मुभा नाही. आणि शिफ्ट म्हणजे काही प्रवास नव्हे, हे चाचाही मान्य करतात.

फर्ज (सक्तीच्या) तीनच रकात (नमाजची आवर्तनं), पाच मिनिटांचं काम. वजू (नमाजआधी हात-पाय-तोंड धुणं) आधीच करून ठेवता येईल. अडचण एकच, मशीन तेवढा वेळ कुणाच्या भरवशावर सोडायचं? सुपरवायझर माणूस चांगला आहे, पण अजून विचारलेलं नाही. एकाला सवलत दिली तर बाकीचे काय म्हणतील, ही धास्ती.

सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम केलेल्यांनी सांगा, तुम्ही साहेबांशी कसं बोललात? सुट्टीची अदलाबदल केलीत का? जुने नाशिकमधल्या एखाद्या जाणत्या मौलानांना कुणी हेच विचारलं असेल, तर त्यांनी काय सांगितलं तेही कळवा.