मदत हवी आहे: दिवाळी 2026, पुण्याहून जिंतूर, तिकिटं कशी बसवावी?

गोदाकाठ:
शुक्रवारी 6 नोव्हेंबरला रात्री पुण्याहून निघायचं, रविवारी 15 ला परत. आम्ही दोघं, सासरे (71), सासूबाई (66), लेकरं 9 आणि 4 वर्षांची. पनवेल–नांदेड रेल्वेने परभणी, पुढे एसटीने जिंतूर. सासऱ्यांना वरच्या बर्थवर चढणं होत नाही. तिकीट नेमकं कधी काढू? वेटिंग आलं तर?

पूर्णा_पॅसेंजर:
ताई, रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस न धरता. म्हणजे जाण्याचं 7 सप्टेंबरला सकाळी 8 वाजता, परतीचं 16 सप्टेंबरला. बहुतेकांचं जाणं पक्कं होतं आणि परतीचं राहून जातं. आयआरसीटीसी खात्याची आधार पडताळणी आत्ताच उरका. आरक्षण उघडतं त्या दिवशी त्याशिवाय ऑनलाइन तिकीट निघत नाही. नावं-वयं मास्टर लिस्टमध्ये, म्हणजे खात्यातल्या प्रवाशांच्या यादीत, भरून ठेवा. आठ वाजता नावं टाइप करत बसलात की गेले बर्थ.

सगळ्यांचं एक तिकीट काढू नका. सासू-सासऱ्यांचं वेगळं, लोअर बर्थ/ज्येष्ठ नागरिक कोट्यातून. तो पुरुषांना 60 आणि महिलांना 45 वर्षांपासून, एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघांना. तिसरं नाव घातलं की कोटा लागत नाही. भाड्यातली सवलत मात्र मार्च 2020 पासून बंदच आहे.

9 वर्षांच्या लेकराला बर्थ हवा तर पूर्ण भाडं, नको तर अर्धं. धाकट्याला तिकीट लागत नाही. म्हणजे पाच बर्थ धरा.

रुळावरचा:
वेटिंगचा आकडा बघण्याआधी प्रकार बघा. जीएनडब्ल्यूएल, म्हणजे सर्वसाधारण वेटिंग, बऱ्यापैकी सरकतं. पीक्यूडब्ल्यूएल, म्हणजे मधल्या स्टेशनांचा सामायिक कोटा, दिवाळीत जागचं हलत नाही. पुणे–परभणी वेटिंग दाखवत असेल तर पनवेल ते नांदेड असं पूर्ण अंतराचं तिकीट शोधून बघा. तिथे जागा असेल तर ते तिकीट काढा आणि काढतानाच बोर्डिंग पुणे निवडा. भाडं थोडं जास्त पडतं, परभणीला उतरायला आडकाठी नाही, फक्त उरलेल्या टप्प्याचे पैसे परत मिळत नाहीत. बोर्डिंग बदलायचं विसरलात तर टीसी तुम्हाला गैरहजर धरून बर्थ दुसऱ्याला देऊ शकतो.

पूर्ण वेटिंगचं ई-तिकीट चार्ट (गाडीची अंतिम आरक्षण यादी) लागला की आपोआप रद्द होतं. त्यावर डब्यात चढू नका.

तत्काळ आदल्या दिवशी सकाळी, एसी 10 वाजता, स्लीपर 11 वाजता, एका तिकिटावर चौघंच. दिवस मोजतात तो गाडी मूळ स्टेशनवरून सुटण्याचा. तुमच्या गाडीला फरक पडत नाही, पण मुंबईहून रात्री सुटून पहाटे जालन्याला येणाऱ्या गाडीत इथेच लोक एक दिवस चुकतात.

गोदाकाठ:
आणि रेल्वे जमलीच नाही तर?

मंठा_फाटा:
परभणीचाच हट्ट कशाला? शिवाजीनगर (वाकडेवाडी) ते छत्रपती संभाजीनगर एसटीचं आरक्षण करा, पुढे जालना, मंठा, जिंतूर. गाड्या बदलाव्या लागतात, म्हणून पहाटे निघा; संध्याकाळी मंठ्यात लेकरं नि सामान घेऊन ताटकळणं नको. एसटीत महिलांना अर्धं तिकीट, 65 ते 75 वयाला अर्धं, 5 ते 12 च्या लेकरांनाही अर्धं. सासऱ्यांचं वयाचं ओळखपत्र हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

ट्रॅव्हल्सचं भाडं एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, 2018 चा शासन निर्णय आहे. दिवाळीत तो कोण पाळतं म्हणा! आरटीओकडे तक्रार करायची तर भाड्याची पावती लागते. उतरण्याचं ठिकाणही तिकिटावर बघून घ्या, नाहीतर पहाटे बायपासला उतरवतात.

पूर्णा_पॅसेंजर:
रविवारी परत येणं टाळता आलं तर बघा. भाऊबीज बुधवारी 11 ला. शुक्रवारी 13 ला रात्री निघालात तर शनिवार-रविवार घरी मिळतो. त्याचं आरक्षण 14 सप्टेंबरला उघडेल. त्याच दिवशी गणेश चतुर्थी आहे, तेव्हा आठ वाजता मूर्ती आणायला कोण आणि मोबाइलवर कोण, हे आदल्या रात्रीच ठरवा.

गोदाकाठ:
13 चंच करते. मूर्तीला सासरे जातील.