शब्द हवा आहे : परजीवी, परग्रहवासी, की आणखी काही?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीतल्या दोघी मुलींनी तक्ता केलाय. कार्डशीटवर लाल स्केचपेननं मथळा : 'विश्वात परजीवी बुद्धिमान आहेत का?' खाली आकाशगंगा आणि मोठ्या डोळ्यांचा एक हिरवा माणूस. मी विचारलं, "अगं, परजीवी म्हणजे काय?" ती म्हणाली, "मॅडम, परका जीव." शब्द फोडला तर तिची वाट बरोबरच आहे. पण परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारा. पोटातला जंत, डोक्यातली ऊ, आंब्याच्या फांदीवरचं बांडगूळ.

मथळा बदलायला आम्ही तिघी बसलो आणि तासभर एकही शब्द पक्का ठरेना. परग्रहवासी? पृथ्वीबाह्य जीवसृष्टी? 'बुद्धिमान' ठेवायचं की 'प्रगत'? एकीच्या वडिलांनी निरोप धाडला, 'एलियन लिहा की, सगळ्यांना कळतं.' कळतं हे खरं. पण त्या शब्दाबरोबर सिनेमातलं चित्र आधी येतं आणि प्रश्न मागं राहतो.

जयंत नारळीकरांचा जन्म आमच्या कोल्हापुरातला, १९३८ सालचा. विश्वाबद्दल त्यांनी आयुष्यभर मराठीतून लिहिलं. त्यांच्या जन्मगावच्या पोरींना हा प्रश्न मराठीत नीट विचारता यावा असं मनापासून वाटतं. मदत करा.

प्रतिसाद

मॅडम, यादीत 'जीवन' घेतलं नाही हे बरं केलं. 'मंगळावर जीवन आहे का' ही हिंदीच्या वळणाची मराठी. आपल्याकडं जीवन म्हणजे आयुष्य, नाहीतर पाणी. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. महाराष्ट्र जीवन प्राधिकरण या नावातलं जीवन म्हणजे पाणीच. त्या अर्थानं मंगळावर जीवन २००८ सालीच हाती लागलं. फिनिक्स यानानं उत्तर ध्रुवाकडच्या भागात माती उकरली, खाली पांढरे खडे दिसले आणि चार दिवसांत ते विरून गेले. पुढं यानावरच्या छोट्या भट्टीत माती तापवली, निघालेली वाफ तपासली, तेव्हा पाण्याच्या बर्फावर शिक्कामोर्तब झालं. जीव मात्र अजून मिळालेला नाही.

पाणी ही एक पायरी, जीव दुसरी, बुद्धी तिसरी. पेपरात पहिलीची बातमी आली की गल्लीत लोक तिसरीवर बोलायला लागतात, आणि याला 'जीवन' हा शब्द बराचसा जबाबदार आहे. दुसऱ्या पायरीसाठी 'जीवसृष्टी' चांगला, पण त्यात झाडंझुडपं, पशुपक्षी असा सगळा पसारा येतो. एखादा जिवाणू सापडला तर त्याला जीवसृष्टी म्हणवत नाही. नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली हैदराबादहून फुगा सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली होती, तिच्यात जिवाणू मिळाले. ते बाहेरून आलेले की खालूनच वर गेलेले, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. तिथं 'सूक्ष्मजीव' एवढाच शब्द पुरतो.

'परग्रहवासी'ला माझी हरकत 'ग्रह' या शब्दापाशी आहे. सध्या ज्या जागांवर जास्त आशा आहे त्यातला गुरूचा युरोपा आणि शनीचा एन्सेलाडस हे चंद्र आहेत. बर्फाच्या कवचाखाली तिथं समुद्र आहे. त्या समुद्रात कुणी असलंच, तर त्याला परग्रहवासी कसं म्हणायचं?

प्रतिसाद

मॅडम, आमच्या करवीर तालुक्यात अनोळखी माणूस दारात आला की पहिला शब्द 'पाव्हणं'. "कुठलं म्हणायचं पाव्हणं?" असं इचारतो आम्ही. परका, उपरा म्हटलं की मनात अढी येते. पाव्हणं म्हटलं की तांब्याभर पाणी पुढं येतं. तक्त्याच्या मथळ्याला चालंल न चालंल, पण पोरींनी बोलताना हा शब्द वापरावा असं वाटतंय. अजून भेट झालेली न्हाई, भांडण तर न्हाईच न्हाई. मग नाव आधीच वैऱ्याचं कशाला ठेवायचं?

प्रतिसाद

खरी गोची 'बुद्धिमान'मध्ये आहे. मराठीत हा शब्द तुलनेचा आहे. वर्गात पहिला येणारा बुद्धिमान, शेवटच्या बाकावरचा नाही. इथं आपल्याला ती तुलना नकोच आहे.

शिवाय शोध कशाचा चालतो ते पाहा. १९६० साली खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत ग्रीन बँकच्या २६ मीटरच्या रेडिओ दुर्बिणीनं टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे कान लावला. त्यांना बुद्धी मोजायची नव्हती, कुणाचा रेडिओ संदेश येतोय का ते ऐकायचं होतं. १९६१ सालचं त्यांचं प्रसिद्ध समीकरणही आपल्या आकाशगंगेत ज्यांचे संदेश आपल्याला पकडता येतील अशांचीच संख्या मांडतं. त्यातला शेवटचा घटक म्हणजे असे संदेश किती वर्षं सुटत राहतात तो काळ, आणि त्याचा नेमका आकडा कुणाकडेच नाही.

१८९४ साली शाहू महाराज गादीवर बसले. तेव्हाची माणसं आपल्याइतकीच बुद्धिमान होती. पण त्या दिवशी दुसऱ्या ताऱ्यावरून कुणी पृथ्वीकडे रेडिओ दुर्बीण लावली असती, तर माणसाची कसलीही खूण ऐकू आली नसती. हत्ती आणि डॉल्फिन आजही तसेच आहेत. म्हणून मी दोन शब्द सुचवतो : जाणतं आणि बोलतं. "पोर आता जाणतं झालं" म्हणताना आपण त्याचे मार्क विचारत नाही, त्याला भोवतालचं भान आलं एवढंच सांगतो. आणि दुर्बिणीला सापडू शकतं ते फक्त बोलतं. 'मग सगळे आहेत तरी कुठे?' असं भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी १९५० साली विचारलं होतं. बोलतं कुणी अजून ऐकू आलं नाही, यावरून जाणतं कुणी नाहीच असं ठरवता येत नाही.

धागा सुरू करणारीकडून

सगळ्यांचे आभार. 'जाणतं' वाचलं आणि एकदम आमची गल्ली डोळ्यांपुढे आली. जनगणनेचे गुरुजी दार वाजवून विचारतात, "घरात कुणी जाणतं माणूस आहे का?" दारात उभं राहून आपण विश्वाला विचारतोय तेही हेच.

'पाव्हणं' मुलींना सांगितलं, तेव्हा त्यांना व्हॉयेजरची तबकडी आठवली. १९७७ साली सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, तिच्यात ५५ भाषांतून शुभेच्छा आहेत आणि त्यात मराठीही आहे. ती मी मुलींना मोबाइलवर ऐकवली. सुरुवात 'नमस्कार'नं होते. पलीकडच्याला तिथं कुठलंही नाव ठेवलेलं नाही, सरळ 'तुम्ही' म्हटलंय. परका नाही, परग्रहवासी नाही. अनोळखी पाव्हण्याशी आपण असंच बोलतो.

त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. केसरबाईंचं लहानपणी काही महिने गाणं शिकणं झालं ते कोल्हापुरात, आणि पुढे त्या ज्यांच्याकडे शिकल्या ते अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. व्हॉयेजर १ आज इतकं लांब आहे की त्याचा संदेश प्रकाशाच्या वेगानं निघूनही आपल्यापर्यंत यायला २२ तासांहून जास्त लागतात. हे सांगितल्यावर दोघीही गप्प झाल्या. मग एकीनं विचारलं, "मॅडम, ऐकणाऱ्याला कान नसले तर?" मला उत्तर देता आलं नाही. पण 'बोलतं' या शब्दाला आणखी एक जोड लागणार हे कळलं : ऐकतं.

मथळा असा ठरलाय : 'विश्वात आणखी कुणी जाणतं आहे का?' खाली बारीक अक्षरात : 'आणि ते बोलतं आहे का?' हिरवा माणूस मुलींनी खोडरबरानं पुसला. कागदावर थोडी हिरवट छटा राहिलीय, तिथं युरोपाचा बर्फ रंगवतायत.

एकच अडलंय. प्रदर्शनातले तक्ते प्रमाणभाषेत हवेत अशी सूचना आहे. 'जाणते' लिहिलं तर ते अनेकवचन वाटतं, किंवा गावातले जाणते लोक डोळ्यांपुढे येतात. अनुस्वारासकट 'जाणतं' लेखी चालेल का? तक्ता उद्या सकाळी लावायचाय.