नाण्यांचा जाडजूड कॅटलॉग मिळालाय, नेमका वापरायचा कसा?

नवा_संग्राहक:
नमस्कार मंडळी, जगातल्या नाण्यांच्या कॅटलॉगचा विसाव्या शतकाचा खंड सेकंडहँड मिळाला. फोटो बघत बघत नाणं सापडतं हो, पण पुढे एकाच चित्राखाली दोन-तीन नोंदी असतात, केएम नंबर, कधी त्याच्यामागे ए नाहीतर बी, मग व्हीएफ, एक्सएफ, युएनसीचे म्हणजे नाण्याच्या स्थितीनुसार भावाचे रकाने, आता यातली आपली नोंद कुठली हे ठरवायचं कसं? आणि एडिशन जुनी आहे, म्हणजे पुस्तक वाया गेलं का?

ठसा_आणि_छाप:
वाया अजिबात नाही! वजन, व्यास, धातू, टांकसाळीची खूण, कुठल्या वर्षी किती नाणी पाडली, हे थोडंच बदलतंय. शिळ्या होतात त्या किमती, आणि त्यांचाही उपयोग आहे, एकाच नाण्याच्या सगळ्या वर्षांत कुठल्या वर्षाचा भाव बाकीच्यांपेक्षा चढा आहे ते बघा, दुर्मिळ वर्ष कुठलं ते लगेच समजतं.
केएम म्हणजे क्राउझ-मिशलर, कॅटलॉग करणाऱ्या दोघांची नावं. हा नंबर टाइपला म्हणजे नाण्याच्या प्रकाराला असतो, म्हणजे एका नंबरखाली दहा-पंधरा वर्षांची नाणीही असू शकतात. मागे ए-बी लागलं तर बहुतेक वेळा चित्र तेच पण धातू नाहीतर वजन बदललंय. ब्रिटिश शिलिंग घ्या, 1919 पर्यंत 92.5 टक्के चांदी, 1920 पासून 50 टक्के, राजा तोच पंचम जॉर्ज आणि वजनही तेच साधारण 5.65 ग्रॅम, म्हणजे इथे काटासुद्धा कामाचा नाही, वर्षच वाचावं लागतं. म्हणून फोटो जुळला की थांबू नका, नोंदीतली प्रत्येक ओळ नाण्याशी ताडून बघा.

टांकसाळ_वारी:
वरच्यांशी सहमत. मी एक सांगेन, आधी पुस्तकाची सुरुवातीची पानं वाचा, बहुतेक लोक ती उलटून थेट देशावर जातात आणि मग अडतात. संक्षेपांचा अर्थ, ग्रेड कशा ठरवल्यात, वेगवेगळ्या लिपींतले आकडे, सनांचे तक्ते, सगळं तिथेच असतं. हिजरी सनाचंच बघा, तो इ.स. 622 पासून मोजतात, पण नाण्यावरच्या 1115 मध्ये सरळ 622 मिळवले तर 1737 येतं आणि ते चूक, कारण हिजरी वर्ष चांद्र म्हणजे आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान, 1115 ला 0.97 ने गुणून मग 622 मिळवा, 1703 च्या आसपास येतं. पुस्तकात तक्ता असेल तर गुणाकारही नको.

नवा_संग्राहक:
मस्त, खूप आभार दोघांचे. एक चांदीचं मोठं नाणं पण आहे, मारिया थेरेसा, 1780. ते या खंडात सापडेना.

ठसा_आणि_छाप:
साल 1780 म्हटल्यावर अठराव्या शतकाचा खंड लागेल. पण थांबा, हा थॅलर (युरोपातलं जुनं मोठं चांदीचं नाणं) फार वेगळं प्रकरण आहे. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा 1780 मध्ये वारली आणि त्यानंतरही व्यापारासाठी हेच नाणं 1780 सालच टाकून पाडत राहिले, विसाव्या शतकातसुद्धा, व्हिएन्नाच नव्हे तर लंडन, रोम, मुंबई अशा टांकसाळींत. त्यामुळे सालावरून काहीच ठरत नाही. नाण्यावर तिच्या खांद्याशी असलेल्या ब्रोचमधले मोती, मागच्या बाजूच्या गरुडाच्या शेपटीची पिसं अशा बारीक फरकांवरून टांकसाळ ओळखतात आणि त्यासाठी फक्त याच नाण्यावरचं खास पुस्तक हवं, सर्वसाधारण कॅटलॉग तिथवर पोचत नाही. वजन मात्र आधी करा, 28 ग्रॅमच्या आसपास भरायला हवं, फार कमी-जास्त आलं तर शंका घ्या.

जुनी_मुद्रा:
आणखी एक सवय आत्ताच लावा, नंबर लिहिताना कुठलं पुस्तक, कुठला खंड, कुठली एडिशन हे सोबत लिहायचं. रोमन नाण्यांचं आरआयसी (रोमन इम्पीरियल कॉइनेज) हे पुस्तक बघा, पहिला खंड 1923 चा आणि त्याची सुधारित आवृत्ती 1984 ची, दोन्हीत नंबर वेगळे, त्यामुळे नुसतं आरआयसी अमुक लिहिलं तर वाचणारा भलत्याच नाण्यावर जाऊन पोचतो. पाकिटावर पेन्सिलीने एवढं टिपून ठेवा. आणि त्या थॅलरचे दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाका, ब्रोच आणि शेपटी स्पष्ट दिसेल असे, मिळून बघू.