पेलिझारीला अजून किती दिवस दुसऱ्यांसाठी राबवणार?

रानवारा
२०२५ची व्हुएल्टा (स्पेनची तीन आठवड्यांची सायकल शर्यत) संपली, पण मोरेदेरोचा चढ डोक्यातून जात नाही. सतरावा टप्पा, माथा तीनेक किलोमीटरवर, आणि रेड बुल-बोरा संघाचा इटालियन जुलिओ पेलिझारी विंगेगार्ड, अल्मेइदा, पिडकॉक या सगळ्यांना मागे सोडून निघून गेला. वय २१. व्यावसायिक शर्यतीतला त्याचा हा पहिलाच विजय.

माझं म्हणणं स्पष्ट आहे: हा मुलगा मदतनीस म्हणून वाया चाललाय. मे महिन्यातला जिरो (इटलीची तशीच शर्यत) आठवा. दोन आठवडे तो संघाचा नेता रॉग्लिचसाठी राबला. सोळाव्या टप्प्यावर रॉग्लिचने शर्यत सोडली, पोरगं मोकळं झालं आणि त्याच दिवशी ब्रेंतोनिकोच्या चढावर तिसरं आलं. शेवटी एकूण सहावा क्रमांक. पहिल्या दिवसापासून मोकळीक असती तर? २०१६ मध्ये निबाली जिंकला, त्यानंतर एकाही इटालियनाला जिरो जिंकता आलेला नाही. आता ज्याच्याकडून आशा धरावी असा मुलगा मिळालाय, तर त्याच्याकडून दुसऱ्याचा वेग सांभाळून घ्यायचा?

घाटवाट
असहमत. मोरेदेरो आठवलं, मग बोला देल मुंदोचा चढ का विसरलात? तीनच दिवसांनी, विसाव्या टप्प्यावर, पाय गळाले आणि सर्वोत्तम तरुण स्वाराची पांढरी जर्सी रिचितेल्लोकडे गेली. एका दिवसाचा हल्ला वेगळा, तीन आठवडे रोज पुढे राहणं वेगळं. ते अंगात मुरायला वर्षं लागतात. कुणाच्या तरी सावलीत ती वर्षं गेली तर नुकसान नाही.

इटलीचाच फाबिओ अरू बघा. २५व्या वर्षी व्हुएल्टा जिंकला, ३१व्या वर्षी निवृत्त. अख्ख्या देशाचं ओझं त्या खांद्यांवर फार लवकर आलं, असं मला तेव्हाही वाटायचं.

रानवारा
अरूचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. २०१३च्या जिरोत तो निबालीसाठी राबला. पुढच्या वर्षी संघाचा नेता स्कार्पोनी बाहेर पडला, अरू मोकळा झाला आणि थेट तिसरा. संधी मिळाली म्हणून कळलं. पुढची घसरण त्या संधीच्या माथी मारू नका.

सांजसावली
तुम्ही दोघंही मूळ प्रश्न सोडून बोलताय. इटलीचा स्वतःचा अव्वल संघ राहिलाच कुठे? कॅननडेल २०१४च्या शेवटी गेला, लाम्प्रेचा २०१७ मध्ये अमिरातीचा युएई संघ झाला. उरले बार्दियानीसारखे छोटे संघ. तिथेच तर हा घडला! २०२४चा जिरो, मोंते पानाचा टप्पा: पेलिझारी पुढे एकटा, शेवटच्या किलोमीटरच्या आत पोगाचारने गाठलं, हा दुसरा. नंतर पोगाचारने अंगातली, शर्यतीत आघाडीवर असणाऱ्याची गुलाबी जर्सी काढून त्याला दिली. तो प्रसंग पाहताना माझे डोळे भरून आले होते. चिकोनेही बार्दियानीकडूनच २१व्या वर्षी जिरोतला सेस्तोलाचा टप्पा जिंकला होता. छोट्या संघात आदेश नसतात, पळायची मुभा असते. आणखी एक वर्ष तिथे राहायला हवा होता.

घाटवाट
राहून काय केलं असतं? बार्दियानीला जिरोचंसुद्धा निमंत्रण मिळवावं लागतं. तिथे असता तर व्हुएल्टा त्याने टीव्हीवर पाहिली असती. मोरेदेरोवर हल्ला केला तेव्हा मागे त्याचाच संघसहकारी जय हिंडली होता म्हणून बाकीच्यांना पाठलाग जड गेला. ही मोठ्या संघाची किंमत आहे.

रानवारा
हिंडलीचा मुद्दा मान्य. मोरेदेरोच्या विजयात त्याचा वाटा आहेच. पण २०२६ मध्ये त्याच संघात एव्हनपूलसारखा मोठा स्वार येतोय. संघातलाच लिपोविट्झ यंदा टूर द फ्रान्समध्ये तिसरा आलाय. हिंडली आहे, रॉग्लिच आहे. या रांगेत २१ वर्षांच्या मुलाचा नंबर कधी लागणार? मला भीती याचीच वाटते. चढ त्याला जड नाहीत, रांग जड आहे.

सांजसावली
मग जिरो त्याला द्या. एव्हनपूल, लिपोविट्झ यांना टूर खुणावणारच. घरची शर्यत, घरचे रस्ते, आणि संघाने सुरुवातीलाच सांगायचं की नेता हा. सहावा आला तरी चालेल, पण ते सहावं स्थान त्याचं स्वतःचं असेल.

घाटवाट
एवढ्यावर मी तयार आहे. फक्त दहावा आला तर धागा काढून त्याला झोडपू नका.